आण्णांची काडी

कोल्हापुरात पाणी शंभर अंशाला उकळत नाही, हे मला वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी कळलं. तोवर मी मेकॅनिकलची पदवी घेतली होती, पुण्यात एका मोटार कंपनीत पाच वर्षं नोकरी केली होती आणि ती सोडून घरी परत आले होते. शाहूपुरीच्या मागच्या गल्लीत आण्णांचं गॅरेज होतं. तिथं काम मिळेल का म्हणून विचारायला गेले, तर आण्णांनी ना अनुभव विचारला, ना पुण्याची नोकरी का सोडली ते. कोपऱ्यात स्टोव्हवर पातेलं होतं आणि त्यात पाणी खळखळत होतं.

"किती असंल?" त्यांनी विचारलं.

"शंभर," मी म्हणाले. असला प्रश्न मला पाचवीनंतर कुणी विचारला नव्हता, त्यामुळं जरा रागही आला होता.

आण्णांनी पेन्सिलीहून बारीक अशी एक धातूची काडी पाण्यात सोडली. काडीच्या मागून वायर निघून एका छोट्या मीटरला गेली होती. मीटरवर आकडा आला, अठ्ठ्याण्णव. मी वाकून पुन्हा बघितलं. अठ्ठ्याण्णवच.

"शंभर समुद्राकडंला. आपण केवढं उंचावर हाय? शंभराला पुस्तकात उकळतंय, अक्का. हितं अठ्ठ्याण्णव." त्यांनी स्टोव्ह बंद केला. "उद्यापास्नं ये."

मी त्यांच्याहून तीस वर्षांनी लहान, तरी ते मला पहिल्या दिवसापासून अक्काच म्हणाले. त्यांचं गाव गडहिंग्लजच्या पलीकडं, कर्नाटकच्या अंगाला. तिकडं बाईमाणसाला अशीच हाक मारतात. चुकीचं उत्तर देऊनही मला का घेतलं, असं मी पुढं कधीतरी विचारलं. ते म्हणाले, "तू भांडली न्हाईस. वाकून परत मीटर बघितलास."

आण्णा उंच, वाळलेले. डोक्याला पांढरी टोपी, अंगात पूर्ण बाह्यांचा शर्ट, मनगटाची गुंडी लावलेली. दिवसभर इंजिनात हात घालणाऱ्या माणसाचे कपडे इतके स्वच्छ कसे राहतात, हे कोडं मला शेवटपर्यंत सुटलं नाही. कमरेला कापडी म्यानात व्हर्नियर, म्हणजे मिलिमीटरचाही भाग मोजणारी पोलादी पट्टी, अडकवलेला असायचा. त्या व्हर्नियरला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. मी एकदा मागितला, तर म्हणाले, "काय मोजायचं ते सांग, मी मोजून देतो." आणि खरंच हातातलं काम टाकून उठले, मोजून दिलं आणि परत म्यानात घातला.

हाताच्या अंदाजावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता, आणि काडीवर मात्र डोळे झाकून होता. कुणी गाडीवाला म्हणाला, "आण्णा, इंजिन लई तापालंय," की यांचं ठरलेलं, "किती?" त्यानं बॉनेटला हात लावून दाखवला की आण्णा चिडायचे. "हाताला ताप कळत असता तर डाक्टरनं थर्मामीटर कशाला ठेवला असता?"

एका पाडव्याला मी त्यांना घरी जेवायला बोलावलं. जैन माणूस, दिवस मावळायच्या आत जेवणार, म्हणून आईनं साडेपाचलाच पान वाढलं. आण्णांनी पिशवीतून धुतलेला रुमाल काढला. रुमालात एक निराळी काडी होती. आईच्या डोळ्यांदेखत ती त्यांनी बासुंदीत बुडवली. "चौपन्न हाय. पाच मिंटं थांबूया," म्हणाले आणि हात मांडीवर ठेवून खरोखर पाच मिनिटं थांबले. ती काडी फक्त स्वयंपाकघरातली, गॅरेजमधल्या काडीशी तिचा संबंध नाही, हे त्यांनी आईला तीनदा समजावून सांगितलं. आई अजून बासुंदी केली की त्यांची आठवण काढते.

दुसरी गोष्ट म्हणजे, उघड्या इंजिनावर वाकणाऱ्या कुणाच्याही अंगावर सुटं काही चालायचं नाही. दारात एक स्टीलचं ताट होतं. अंगठ्या, बांगड्या, खिशातलं पेन, गळ्यातली चेन, सगळं त्या ताटात. माझ्या बांगड्या पहिल्याच दिवशी गेल्या. एक नगरसेवक आपली गाडी दाखवायला आला होता आणि गळ्यातली जाडजूड साखळी लोंबकळत ठेवून बॉनेटवर वाकला. आण्णांनी त्याच्या छातीवर हात ठेवून त्याला सरळ उभं केलं. "तुम्ही चौकात नगरसेवक. हितं साखळी काढा." त्यानं काढली.

यामागं कारण होतं. गडहिंग्लजला असताना, ऐन तारुण्यात, त्यांच्या शर्टाच्या खिशातून एक वॉशर हवेच्या उघड्या नळीत पडला. कुणाला कळलं नाही. ट्रक सुरू केला आणि इंजिनाचे तुकडे झाले. ट्रकवाला रस्त्यावर बसून रडला. आण्णा ही हकिकत वर्षातून एकदा तरी सांगायचे आणि सांगताना शर्टाच्या खिशावर हात ठेवायचे. त्या दिवसानंतर त्यांच्या एकाही शर्टाला खिसा नव्हता, तरी हात तिथंच जायचा.

आता टर्बोचं थोडं सांगावं लागेल, नाहीतर पुढचं कळायचं नाही. सायकलच्या पंपानं हवा भरली की पंपाचं बूड तापतं, हे आपण सगळ्यांनी लहानपणी अनुभवलंय. टर्बो म्हणजे असाच एक पंप. तो इंजिनात हवा दाबून भरतो, म्हणून छोटं इंजिन मोठी ताकद देतं. पण दाबलेली हवा तापते आणि तापलेली हवा विरळ होते, मग दाबण्याचा फायदाच जातो. म्हणून टर्बो आणि इंजिन यांच्यामध्ये इंटरकूलर बसवतात. दिसायला रेडिएटरसारखाच, फक्त पाण्याच्या जागी हवा गार करणारा. आत जाताना हवा किती तापलेली आणि बाहेर येताना किती, हे मोजलं की इंटरकूलर काम करतो का नाही ते समजतं. आण्णांचं सगळं आयुष्य या दोन आकड्यांवर चाललेलं होतं. "आमच्यात पाणी गाळून पितात," ते म्हणायचे. "इंजिनला हवा गाळून, गार करून द्यायची. त्येलाबी पोट हाय की."

हे आकडे ते वहीत लिहायचे. लांबड्या, पुठ्ठ्याच्या अकरा वह्या होत्या. प्रत्येक गाडीचं एक पान. आत किती, बाहेर किती, बाहेरची हवा किती, चढ कुठला.

आमच्या समोर, रस्त्याच्या पलीकडं, उस्तादांचं दुकान होतं. उस्ताद रेडिएटर दुरुस्त करायचे. गडमुडशिंगीहून रोज सायकलनं येत. पितळी रेडिएटरची गळती काढणारा त्यांच्यासारखा हात जिल्ह्यात नव्हता. आता प्लास्टिकचे रेडिएटर आले. फुटला की फेकायचा आणि नवा घालायचा. त्यामुळं त्यांची भट्टी पेटायची, पण गिऱ्हाईक कमी. दुकानाच्या दारावर, खिळ्याला, ॲल्युमिनियमचा एक इंटरकूलर टांगलेला होता. त्यावर बोटभर धूळ.

मी आले तेव्हा आण्णा आणि उस्ताद एकमेकांशी बोलत नव्हते. दोघांच्या मधे चहाच्या गाड्यावर काकू असायच्या, आणि निरोप त्यांच्यामार्फत जायचे. आण्णा तिथं उभे, उस्ताद दहा फुटांवर उभे, आणि आण्णा म्हणायचे, "काकू, त्यास्नी सांगा, पाण्याची मोटर बंद कराय पायजे." उस्ताद म्हणायचे, "काकू, बंद केली म्हणावं." काकू दोघांना चहा द्यायच्या आणि कुणालाच काही सांगायच्या नाहीत, कारण दोघांनीही ऐकलेलं असायचं.

काय झालं होतं ते मला काकूंनीच सांगितलं. आण्णांनी स्वतःच्या जुन्या जीपला टर्बो बसवला होता. त्याला इंटरकूलर हवा होता. उस्ताद म्हणाले, विकतचा आणू नकोस, मी करतो. दोन महिने खपून त्यांनी पत्रा कापला, पाती वळवली, वेल्ड मारले. हाताने केलेला, आयुष्यातला पहिला इंटरकूलर. वीस वर्षांची दोस्ती, एका डब्यात जेवण. आण्णांनी तो जीपला बसवला, काड्या लावल्या, पन्हाळ्याच्या चढाला जाऊन आले. आणि परत आल्यावर गल्लीच्या मधोमध उभं राहून मोठ्यानं म्हणाले, "ह्यात हवा जाती तशीच भाईर येती. ह्याला इंटरकूलर म्हणत न्हाईत."

उस्ताद म्हणाले होते, "हात लाव. ह्या बाजूला लाव, मग त्या बाजूला लाव. तुझं तुला कळंल."

आण्णा हसले होते. गल्लीसुद्धा हसली होती. उस्तादांनी पाना घेतला, तिथंच जीपमधून इंटरकूलर उतरवला आणि आपल्या दारावर टांगला. त्यानंतर त्यांनी दुसरा केला नाही. कुणी विचारलं तर म्हणायचे, "मला जमत न्हाय. समोर इचारा, त्यास्नी माप हाय."

भादव्यात जैनांचं पर्युषण पर्व संपलं की आण्णा गल्लीत सगळ्यांकडं जायचे. काकूंकडं, स्पेअर पार्टवाल्याकडं, माझ्याकडंसुद्धा. हात जोडून म्हणायचे, "वर्षभरात काय उणंदुणं बोललो असंल तर उत्तम क्षमा." इतक्या मनापासून म्हणायचे की मला संकोच वाटायचा. एकच दुकान चुकवायचे. पहिल्या वर्षी मी गप्प बसले. दुसऱ्या वर्षी माझ्याच्यानं राहवलं नाही.

"समोर नाही जायचं?" मी विचारलं.

"क्षमा चुकल्याची मागत्यात, अक्का. तितं मी चुकलो न्हाय." त्यांनी चौथी वही काढून पान दाखवलं. आत ब्याण्णव, बाहेर चौऱ्याहत्तर. "ह्ये बघ. माप हाय. मापाची क्षमा कशी मागू?"

आकडे खरोखरच वाईट होते.

तिसऱ्या वर्षी, उन्हाळ्याच्या सुरुवातीला, एक डॉक्टरीणबाई आपली नवी टर्बो पेट्रोल गाडी घेऊन आल्या. उन्हात चढाला गाडी दमते, अशी तक्रार. अशा गाड्यांत हवेचं तापमान मोजणारा कंपनीचा सेन्सर असतोच. गाडीला जोडायच्या स्कॅनरवर तो एक्कावन्न दाखवत होता. आण्णांनी शेजारीच आपली काडी लावली. त्र्याहत्तर. "सेन्सर गेलाय," आण्णा म्हणाले. नवा मागवला. नवा बावन्न दाखवायला लागला.

"ह्यो बी खोटंच बोलालाय," आण्णा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आम्ही पन्हाळ्याच्या रस्त्याला गेलो. गाडी मी चालवत होते, आण्णा शेजारी स्कॅनर आणि मीटर धरून. एका वळणावर मी ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला. टर्बोनं हवा दाबायचं थांबवलं की ती गार व्हायलाच हवी. स्कॅनरचा आकडा भराभर उतरला. आण्णांच्या काडीचा आकडा जागचा हलला नाही. बऱ्याच वेळानं एकेक अंश खाली येऊ लागला. खालचा गॅस बंद केला तरी तवा तापलेला राहतो, तसा.

मला तिथंच कळलं. ही काडी हवा मोजत नव्हती. ती तवा मोजत होती.

मी दोन दिवस गप्प राहिले. माझ्यासारख्या तोंडाळ बाईला हे सोपं नव्हतं. अकरा वह्या माझ्या डोळ्यांसमोर येत होत्या आणि चौथ्या वहीतलं ते पान. खरं सांगते, मला भीती वाटत होती. या माणसाजवळ मापाशिवाय होतं काय?

तिसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई आल्या आणि आण्णा त्यांना सांगायला लागले की हल्ली कंपन्या सेन्सरच नकली घालतात. मग मात्र माझं डोकं फिरलं.

"आण्णा, सेन्सर बरोबर आहे," मी म्हणाले. "तुमची काडी हवेत नाहीच."

डॉक्टरीणबाई माझ्याकडं आणि आण्णांकडं बघायला लागल्या. आण्णांनी टोपी काढली, परत घातली.

"मोजून दाखीव," ते म्हणाले.

मी काडी काढली. आण्णा ती पाइपला थेट बसवत नसत. त्यांनी लेथवर स्वतः एक पितळेची बुश, काडी धरणारी पोकळ नळी, केली होती. बुश पाइपात, काडी बुशात. मी बुश त्यांच्या समोर धरली. आण्णांनी म्यानातून व्हर्नियर काढला आणि काडीचं टोक बुशच्या तोंडापासून किती आत आहे ते मोजलं.

"चार मिलिमीटर," ते म्हणाले. मग पुन्हा एकदा मोजलं. "पितळात बसलीया ही. हवेत गेलीच न्हाय. मीच आत ठिवली, अक्का. मोडून इंजिनात पडू नये म्हणून."

त्यांचा हात खिसा नसलेल्या शर्टावर गेला.

पुढचा हिशेब दोघांनाही एकाच वेळी सुचला. टर्बोकडून आलेली हवा खूप तापलेली असते, पण पाइप बाहेरून वारा खात असतो, म्हणून पाइपाचा ताप हवेपेक्षा कमी. तिथं काडी कमी दाखवणार. इंटरकूलरमधून निघालेली हवा गार असते, पण जीपमध्ये तो पाइप सायलेन्सरच्या नळीवरून गेला होता, म्हणून पाइप हवेपेक्षा तापलेला. तिथं काडी जास्त दाखवणार. म्हणजे इंटरकूलर कितीही चांगला असो, दोन्ही बाजूंनी तो वाईटच दिसणार.

डॉक्टरीणबाईंची मी माफी मागितली, त्यांच्या गाडीचं पुढं काय करायचं ते ठरवून त्यांना पाठवलं. आण्णा स्टुलावर बसून होते. साडेपाच वाजले. डबा उघडला नाही. दिवस मावळला, म्हणजे आता उद्यापर्यंत अन्न नाही. मांडीवर चौथी वही उघडी होती.

"त्या येळंला बी दोन्हीकडं असलीच बुश हुती," ते म्हणाले.

मला त्यांची दया आली आणि तितकाच रागही आला. सहा वर्षं एका कारागिराचे हात या माणसानं बांधून ठेवले होते, आणि तेही कुणाचं नुकसान होऊ नये म्हणून घेतलेल्या काळजीपायी. मी म्हणाले, "आत्ताच्या आत्ता समोर जा आणि क्षमा मागा."

"काय म्हणून मागू?" आण्णा म्हणाले. "माझी काडी चुकली, एवढंच कळलंय. त्येचा इंटरकूलर बरा हाय का न्हाय, ते कुठं कळलंय? नुसता हात जोडून गेलो तर त्यो म्हणंल, दया दाखवाय आलाय. आधी मोजणार. मग मागणार."

पुढचे चार दिवस गॅरेजमध्ये दुसरं काम झालं नाही. आण्णांनी नव्या बुश केल्या, काडीचं उघडं टोक पाइपाच्या बरोबर मध्यावर येईल अशा. पण मध्यावर म्हटल्यावर ते मोडण्याची भीती आलीच. मग त्यांनी टोकाला बारीक पोलादी तारेचा फास घातला, म्हणजे मोडलं तरी सुटणार नाही. काड्या बर्फात घातल्या, शून्य. उकळत्या पाण्यात घातल्या, अठ्ठ्याण्णव. मग जीपला लावून गडमुडशिंगीकडच्या खड्ड्यांतून दिवसभर फिरले, संध्याकाळी काढून भिंगाखाली बघितल्या. दुसऱ्या दिवशी परत तेच. मी वैतागून म्हणाले, "आता पुरे की." ते म्हणाले, "त्या येळंला पुरे म्हणालो, म्हणून तर ही येळ आली."

मधल्या वेळेत ते अकराही वह्या घेऊन बसले. एकही फाडली नाही. प्रत्येक वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईनं लिहिलं, 'ही मापे पाइपची आहेत, हवेची नाहीत.' खाली सही केली.

पाचव्या दिवशी सकाळी आण्णांनी टोपी नीट केली आणि रस्ता ओलांडला. काकूंनी ओतता ओतता किटली खाली ठेवली. मी मागोमाग गेले, कारण गेले नसते तर मला झोप लागली नसती.

"उस्ताद," आण्णा म्हणाले.

उस्ताद एका रेडिएटरला डाग देत होते. मान वर न करता म्हणाले, "काकू, काय काम असंल तर सांगा म्हणावं."

"काकूला मधी घिऊ नगोस. त्यो वरचा इंटरकूलर पायजे."

"इकायचा न्हाय."

"इकत न्हाय मागालोय. मोजायचाय."

"मोजलास की एकदा. समद्या गल्लीनं ऐकलंय."

आण्णांनी जुनी बुश काडीसकट त्यांच्या समोरच्या फळीवर ठेवली. "ते माप चुकलं हुतं. काडी हवेत नव्हती."

उस्तादांनी डागणी बाजूला ठेवली. बुश उचलून उजेडाकडं धरली, करंगळीनं आत चाचपलं. कारागिराला मोजायची गरज पडली नाही.

"आत बसलीया की ही."

"व्हय."

"सहा वर्षं?"

"सहा वर्षं."

उस्तादांनी स्टूल ओढलं, वर चढून इंटरकूलर खिळ्यावरून उतरवला आणि फडक्यानं पुसायला लागले. धूळ गेली तशी पाती चकाकली. "मीच बसवणार," ते म्हणाले. "तू हात लावायचा न्हाईस."

दुपारी, ऊन भरात असताना, आम्ही जीप घेऊन पन्हाळ्याच्या चढाला लागलो. मी चालवत होते. आण्णा शेजारी मीटर घेऊन. उस्ताद मागं, पाठ आमच्याकडं करून रस्ता बघत बसलेले. सरळ चढ आला आणि मी पाय पूर्ण दाबला. जीप गुरगुरत वर निघाली.

"आत एकशे अठ्ठावीस," आण्णा म्हणाले. दुसरा आकडा दोनदा बघून म्हणाले, "भाईर त्रेपन्न."

आण्णांनी मला जीप खाली न्यायला लावली. परत चढ. एकशे सव्वीस, चौपन्न. परत खाली, परत चढ. एकशे अठ्ठावीस, चौपन्न. मी पाय उचलला की आकडा झरझर उतरत होता. या खेपेला काडी हवेत होती. हवा जवळजवळ पंचाहत्तर अंशांनी गार होत होती. उस्तादांनी पत्रा कापून हातानं केलेला तो इंटरकूलर पहिल्या दिवसापासून चोख होता.

वर सपाटीला मी जीप थांबवली. आण्णांनी बॉनेट उघडलं. मीटर बंद करून सीटवर ठेवलं. मग जे मी तीन वर्षांत कधी बघितलं नव्हतं ते त्यांनी केलं. इंटरकूलरमध्ये हवा आत जाते त्या बाजूवर तळवा टेकवला आणि चटका बसून ओढून घेतला. मग दुसऱ्या बाजूवर टेकवला. तिथून काढला नाही.

"गार हाय," ते म्हणाले. "तू म्हणालतास, हात लाव म्हणून." त्यांनी हात काढला आणि जोडला. "उत्तम क्षमा, उस्ताद."

उस्ताद जीपमधून उतरले नव्हते. "भादव्याला पाच म्हयनं हायत अजून," ते म्हणाले.

"चूक आता घावली. भादव्यापातूर कुठं ठिवू?"

"आणि हितं डोंगरावर मागालास व्हय? बोललास तवा गल्ली हुती."

"उद्या. धा वाजता," आण्णा म्हणाले आणि बॉनेट लावलं.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता आण्णा गल्लीच्या मधोमध येऊन उभे राहिले, हातात चौथी वही. एक टेम्पो हॉर्न मारत आला, त्याला मी हातानं थांबवलं. स्पेअर पार्टवाल्यानं रेडिओ बंद केला. आण्णांनी चष्मा लावला आणि गॅरेजमध्ये गिऱ्हाईकाला वाचून दाखवावं तसं वाचायला सुरुवात केली.

"सहा वर्षांमागं हितंच हुबा राहून मी म्हणालतो, उस्तादच्या इंटरकूलरात हवा जाती तशीच भाईर येती. ते खोटं हाय. मी हवा मोजलीच नव्हती, पाइप मोजलता. काल मोजली. आत एकशे अठ्ठावीस, भाईर चौपन्न. माझ्याकडं आल्याली एकबी विकतची वस्तू एवढी गार करत न्हाय. चूक माझी. सहा वर्षं त्यानं दुसरा केला न्हाय, त्येबी माझ्यामुळं." वही काखेत धरून त्यांनी हात जोडले. "उत्तम क्षमा."

काकू पदरानं डोळे पुसत होत्या. टेम्पोवाल्याला काही कळलं नव्हतं, पण तोही इंजिन बंद करून बसला होता. उस्ताद आपल्या दारात उभे होते, काखेत इंटरकूलर. ते रस्त्याच्या मध्यापर्यंत आले आणि इंटरकूलर आण्णांच्या नाकासमोर धरला.

"डाव्या कोपऱ्यातला वेल्ड वाकडा हाय," ते म्हणाले. "सहा वर्षं वर टांगून त्योच बघालोय. तू मोजलास, वरडलास, पर त्यो काय तुला दिसला न्हाय."

आण्णांनी चष्मा पुढं सरकवून बघितलं. "वाकडा हाय की."

"मग. दुसरा करतो. आणि ह्या खेपंला तुझ्या काडीची भोकं मीच ठिवणार. किती आत पायजेत ते सांग."

आण्णांनी कमरेच्या म्यानातून व्हर्नियर काढला आणि त्यांच्या हातात दिला. मला तो तीन वर्षांत एकदाही मिळाला नव्हता.